वावरात उपटा, धुऱ्यावर राखा
साप्ताहिक सदर : शिवारातली झाडं

संक्रांत उलटली की हिंगोली जिल्ह्यातल्या साखऱ्याच्या शिवारात कुठल्याही पांदणीने निघा. सोयाबीन कधीच निघालेलं असतं, तुरीच्या शेंगा वाळायला लागलेल्या असतात, हरभरा घाट्यावर आलेला असतो. शिवार कामात गढलेलं असतं. आणि धुऱ्याच्या मुरमाड उतारावर, जिथं तिफण कधी फिरकत नाही, तिथं पांढुरक्या काटेरी चेंडूंनी लगडलेलं एक झुडूप उभं असतं. उंची गुडघ्यापासून कमरेपर्यंत. फांद्या बुडापासूनच फुटून चहूकडे पसरलेल्या, खोडावर आणि पानांच्या पाठीवर दाट पांढरी लव, पानं खोल कातरलेली आणि प्रत्येक कातऱ्याच्या टोकाला काटा. हा उटकटारा. कुणी उंटकटारा म्हणतं, कुणी काटेचेंडू. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात तो एकायनॉप्स एकिनेटस या नावाने सापडतो.

बहुतेकांच्या लेखी हे तण आहे. माझं म्हणणं असं, की बागेच्या कडेला लावायला आपल्या मातीत यापेक्षा काटक, देखणी आणि बिनखर्चाची वनस्पती शोधून सापडायची नाही. ती नुसती राहू द्यावी एवढंच नव्हे, तर बी गोळा करून मुद्दाम लावावी. शेताच्या धुऱ्यावर, शाळेच्या कुंपणाशी, घरामागच्या परसाच्या कडेला.

याची परदेशी भावंडं मोठ्या मानाने बागेत नांदतात. एकायनॉप्स रिट्रो आणि एकायनॉप्स बॅनॅटिकस या निळ्या चेंडूंच्या जाती युरोपातल्या बागांच्या वाफ्यांत वर्षानुवर्षं आहेत. 'वीचेस ब्लू', 'टॅप्लो ब्लू' अशा नावांचे वाण तिथले माळी हौसेने लावतात. आता त्यांच्या बियांची पाकिटं आपल्याकडे घरपोच येतात आणि पाकिटावरचा निळा चेंडू पाहून शहरातली मंडळी ती मागवतातही. त्या जाती बहुवर्षायू आहेत, थंड हिवाळ्यात जमिनीखाली विसावणाऱ्या आहेत. त्यांची मुळं हिवाळ्यात खणून, पेन्सिलीएवढ्या जाडीचे दोन-तीन इंचांचे तुकडे करून वाळूमिश्रित मातीत उभे लावले की त्यांतून नवी रोपं फुटतात. तिथली ती रूढ रीत आहे. आपल्याकडे तसा हिवाळाही नाही आणि वैशाखातलं हिंगोलीचं ऊन त्या झाडांना सोसणारंही नाही. इथल्या उन्हात वाढलेला त्यांचा सख्खा नातेवाईक दाराबाहेर उभा असताना ती पाकिटं मागवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

एक चेंडू चिमट्यात धरून जवळून पाहा. झेंडू किंवा सूर्यफूल आपण फूल म्हणून ओळखतो, पण ती शेकडो बारीक फुलांची एकत्र वसाहत असते आणि त्या सगळ्यांना मिळून खाली हिरव्या छदांची, म्हणजे फुलाखालच्या बारीक पानांची, एकच वाटी असते. उटकटारा त्याच कुळातला, पण इथं प्रत्येक बारीक फुलाला स्वतःची स्वतंत्र वाटी आहे. एकेका फुलाची अशी शेकडो बिऱ्हाडं एका बिंदूभोवती चारी बाजूंनी बसवली की हा चेंडू होतो. त्यातल्या काही वाट्यांचा एखादा छद लांब वाढून सरळ काटा होतो आणि चेंडूच्या बाहेर डोकावतो. फुलं एकदम उमलत नाहीत. चेंडूच्या माथ्यावरची आधी, मग त्याखालची, अशी उमलण्याची ओळ वरून खाली सरकत जाते. म्हणून एकच चेंडू अनेक दिवस माशांना मध आणि पराग पुरवत राहतो. वरचा भाग मिटलेला आणि खालचा अजून न उघडलेला, मध्ये पांढऱ्या वळलेल्या पाकळ्यांचा पट्टा, असा चेंडू जानेवारीत सहज दिसतो. सकाळी ऊन तापलं की त्या पट्ट्यावर फुलोरी माशा फिरताना पाहायला मिळतात.

हे महत्त्वाचं कशासाठी, ते कांद्याचं बी धरणाऱ्याला विचारा, करडई किंवा सूर्यफूल पेरणाऱ्याला विचारा. त्यांचं पीक माशांवर चालतं. तुरीचा फुलोरा संपला की कांद्याच्या गोंड्यांपर्यंत मधल्या दिवसांत शिवारात माशांना फार थोडं उरतं. तेव्हा धुऱ्यावर फुललेली चार काटेरी झुडपं मोलाची असतात. मधपेट्या भाड्याने आणून ठेवणाऱ्याने आपल्याच धुऱ्यावरचं फूल जाळून टाकावं, हा व्यवहार मला कळत नाही.

काटेरी झाड कडेला लावण्याची रीत आपल्याला नवी नाही. याच कुळातली करडई आठवा. ज्वारीच्या, गव्हाच्या, हरभऱ्याच्या शेताला चारी बाजूंनी करडईचे तास घालायचे, ही मराठवाड्यातली जुनी पद्धत. कोवळेपणी तिची भाजी व्हायची, पुढे तेलाला बी मिळायचं, आणि मधल्या काळात तिच्या काट्यांमुळे मोकाट जनावर आतल्या पिकात शिरायला कचरायचं. एकाच ओळीत भाजी, तेल आणि कुंपण. परभणीच्या कृषी विद्यापीठाने दिलेला 'परभणी कुसुम' हा वाण काटेरीच आहे. दुसरीकडे फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने 'नारी-६'सारखी बिनकाट्याची करडई आणली, ती काढणीचा जाच कमी व्हावा म्हणून. मजुरांच्या हातापायांची दशा ज्यांनी पाहिली आहे, ते त्या संशोधनाला नावं ठेवणार नाहीत. पण सोयाबीनची लाट आली आणि काटेरी, बिनकाटेरी दोन्ही करडया मागे पडल्या. शेताची कड उघडी पडली. तिथं आता एक तर सिमेंटचे खांब आणि तार दिसते, नाही तर गाजरगवत.

गाजरगवताचं उदाहरण मुद्दाम देतो. हे मूळचं अमेरिकेतलं. १९५० च्या दशकात ते पुण्यात नोंदलं गेलं आणि बघता बघता देशभर पसरलं. ते नेमकं कुठं माजतं? जिथली मूळची झाडं खरवडून, फवारून माती उघडी केली तिथं. धुऱ्यावर कुसळी, तरवड, काटेकोरांटी, उटकटारा अशी दाटी असेल तर गाजरगवताला शिरकाव करणं अवघड जातं. ती दाटी आपण जेसीबीने आणि तणनाशकाने काढून टाकतो, आणि मग रिकाम्या जागी उगवलेल्या गाजरगवतावर पुन्हा तणनाशक मारतो. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये केंद्र सरकारने ग्लायफोसेटच्या वापरावर निर्बंध आणले आणि फवारणी कीडनियंत्रण करणाऱ्या अधिकृत व्यक्तींनीच करावी असं सांगितलं. गावात तो पंप कुणाच्या पाठीवर असतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

साखऱ्याजवळ हरभऱ्यात खुरपणाऱ्या एका आजींना मी विचारलं, "आजी, एवढं वावर स्वच्छ केलंत, मग धुऱ्यावरचा काटा कसा ठेवलात?" त्या मान वर न करता म्हणाल्या, "ठेवला नाई बापू, ऱ्हायला. वावरात आला की उपटावं लागतंय, हरभरा उपटताना हाताला लागतो. धुऱ्यावर कामून उपटावं? तिथं कुनाला आडवा येतोय?"

मला जे सांगायचं आहे ते यात सगळं आलं. वावर आणि धुरा या दोन वेगळ्या जागा आहेत आणि त्यांचे नियम वेगळे आहेत. हरभऱ्यात, करडईत, पडीक ठेवलेल्या रानात उटकटारा माजला तर तो त्रासाचाच आहे. हरभरा हाताने उपटला जातो, आणि ते काम बहुतेक बायकांच्या वाट्याला येतं. त्यांच्या तळव्यांत काटे मोडत असतील तर झाडाच्या सौंदर्याचं कौतुक त्यांना सांगायला जाऊ नये. पिकात दिसलेलं रोप फुलायच्या आधी खुरप्याने काढावं. याचं सोटमूळ खोल जातं, म्हणून वरून कापून भागत नाही. जमिनीखाली दोन-तीन बोटं खुरपं घालून मूळ तोडावं. हे केलं की धुऱ्यावरच्या झाडांना जगू द्यायला हरकत उरत नाही.

आता लावायचं कसं ते सविस्तर सांगतो, कारण याची रोपं रोपवाटिकेत सहसा मिळत नाहीत.

बी धरायची वेळ आता सुरू होते. चेंडू पांढुरका असेल तोवर थांबा. तो तपकिरी झाला, आणि काठीने हलकं टोचल्यावर त्याचे तुकडे निसटायला लागले, की तयार झाला. फार थांबलात तर तो जागच्या जागी विखुरतो आणि हाती नुसता दांडा लागतो. काढणीला भल्या पहाटे जा. करडई काढणारे पहाटेच का लागतात, हे इथं कुणाला सांगायला नको. दवाने काटे मऊ पडतात, ऊन चढलं की तेच काटे ताठ होतात. चेंडू सांडशीत धरायचा, दांडा विळ्याने कापायचा आणि थेट बादलीत टाकायचा. पोतं नको, पोत्यातून काटे बाहेर येतात.

दोन-तीन दिवस उन्हात वाळवल्यावर बादलीतच काठीने बडवा. प्रत्येक बी आपल्या काटेरी वाटीसकट सुटं होतं. सुपाने पाखडताना वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा आणि लेकरांना लांब ठेवा, कारण बारीक काटे डोळ्यांत जाऊ शकतात. वाटीतून बी सोलून काढायची गरज नाही, वाटीसकट टोकलं तरी चालतं. मात्र काही वाट्या पोकळ असतात. दोन बोटांत दाबून पाहिलं की आत दाणा आहे की नाही ते कळतं. दाणा असलेल्या वाट्या कागदी पुडीत बांधून कोरड्या जागी टांगून ठेवा. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडल्या तर ओल धरून बुरशी येते.

जागा निवडताना एकच गोष्ट पाहायची, पाणी साचता कामा नये. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, चिखल होऊन आठ-आठ दिवस ओली राहते, आणि सोटमुळाचं झाड त्यात कुजतं. म्हणून परसात किंवा शाळेत लावायचं असेल तर कुंपणालगत दोन फूट रुंदीचा पट्टा आखा आणि त्यावर मुरूम, जुन्या भिंतीची माती, बारीक खडी टाकून तो सहा-आठ इंच उंच करा. शेणखत टाकू नका, युरिया तर मुळीच नको. सकस मातीत आणि रोजच्या पाण्यात हे झाड नुसतं पाल्यावर जातं, फांद्या लांबतात आणि आडवं पडतं. हलक्या मातीत ते ताठ राहतं आणि चेंडूही दाट धरतं. ऊन दिवसभर हवं. लिंबाखाली किंवा भिंतीच्या सावलीत लावण्यात हशील नाही.

बी दोन वाटे करून टोका. एक वाटा मृगाचा चांगला पाऊस झाल्यावर, दुसरा पोळ्यानंतर, पावसाचा जोर ओसरल्यावर. एखाद्या वर्षी पहिली पेरणी अति पावसाने जाते, एखाद्या वर्षी परतीचा पाऊस दगा देतो. दोन वाटे असले की एक तरी साधतो. अर्धा-पाऊण इंच खोल, एका जागी तीन-चार बिया, दोन जागांमध्ये दीड-दोन फुटांचं अंतर. उगवायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तेवढा धीर धरा. रोपं चार पानांची झाली की एका जागी एकच सुदृढ रोप ठेवून बाकीची खुरप्याने काढा. ती उपटून दुसरीकडे लावायच्या फंदात पडू नका, सोटमूळ तुटलं की रोप सहसा सावरत नाही. पिशवीतच करायची झाली तर उंच, अरुंद पिशवी घ्या आणि रोप अगदी लहान असताना मातीच्या गोळ्यासकट जमिनीत उतरवा. कोवळ्या रोपांना कोंबड्या उकरतात. वर बाभळीची फांदी ठेवली की तो प्रश्न मिटतो. हे झाड बहुधा एका हंगामात आपलं आयुष्य पुरं करतं, त्यामुळे परदेशी भावंडांसारखी मुळांच्या तुकड्यांपासून रोपं करण्याचा खटाटोप इथं नको. दर वर्षी थोडं बी जागेवर पडू द्यायचं आणि बाकीचं आपण काढून घ्यायचं, म्हणजे पट्टा कायम राहतो आणि शेजारच्या वावरातही पसरत नाही.

ओलसर सखल बाजू असेल तर तिथं गोरखमुंडी राहू द्या. तिचे जांभळे गोंडे लहान असतात, पण उटकटाऱ्याच्या पांढऱ्या चेंडूंशेजारी फार शोभतात. मागे तरवड, पुढे उटकटारा, मधे कुसळीचं गवत. एवढ्या सामानात हिवाळाभर टिकणारी कड उभी राहते आणि तिला नळाचं पाणी लागत नाही. घरात फुलदाणीत ठेवायचे चेंडू मात्र पुरते उमलण्याआधी कापा आणि सावलीत उलटे टांगून वाळवा, नाहीतर टेबलावरच विखरून पडतील.

एक खूण नीट लक्षात ठेवा. पिवळा धोतरा नावाचं, पिवळ्या फुलांचं दुसरं एक काटेरी झुडूप याच धुऱ्यांवर असतं आणि फुलं नसताना त्याची पानं पाहून गफलत होऊ शकते. पान मोडून पाहा. पिवळा चीक निघाला तर तो धोतरा. तो मेक्सिकोकडून आलेला आहे आणि त्याचं बी विषारी आहे. मोहरीच्या तेलात ते मिसळल्याने १९९८ साली दिल्लीत जलोदरासारख्या सुजेची साथ आली होती आणि त्यात माणसं दगावली होती. धोतरा खुशाल उपटा.

औषध म्हणून उटकटाऱ्याची मुळी खणणारे लोक आहेत. वैदूंच्या परंपरेत तिचे बरेच उपयोग सांगितले जातात. बाळंतपण सुकर व्हावं म्हणून ती बाईच्या केसांत किंवा कमरेला बांधण्याची समजूतही आहे. त्या समजुतीपायी दवाखान्यात न्यायला उशीर झाला तर आई आणि बाळ दोघांच्या जिवावर बेतू शकतं. कळा सुरू झाल्या की रुग्णवाहिका बोलवा. आणि मुळीसाठी झाड उपटलं की बी पडायच्या आधीच ते संपतं, हेही खणणाऱ्यांनी ध्यानात घ्यावं.

या कुळीची गंमत अशी, की साखरेच्या शास्त्रातही तिला जागा आहे. इराणकडे एकायनॉप्सच्या झाडांवर एक प्रकारचे सोंडकिडे गोड कवचाची घरटी करतात. ती घरटी तिकडे औषधी म्हणून विकली जात. १८५९ च्या सुमारास फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मार्सेलिन बर्थेलो यांनी त्यांतून एक शर्करा वेगळी केली. तीच आज ट्रेहॅलोज म्हणून खाद्यपदार्थांत आणि औषधनिर्मितीत वापरली जाते. कुणीतरी एका काटेरी झुडपाकडे नीट पाहिलं, म्हणून हे हाती लागलं.

आपल्याकडे असं पाहणं उशिरा सुरू झालं. थिओडोर कुक यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ केला, पण मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात असल्याने तो त्या इलाख्यात नव्हता. औरंगाबादच्या डॉ. व्ही. एन. नाईक यांचा मराठवाड्याच्या वनस्पतींवरचा द्विखंडी ग्रंथ १९९८ मध्ये आला. हिंगोली जिल्हा त्यानंतरच्या वर्षी, १ मे १९९९ ला, परभणीतून वेगळा झाला. आपल्या शिवारात काय उगवतं याची शास्त्रशुद्ध यादी हाती येऊन जेमतेम एक पिढी झाली, आणि तेवढ्यात त्या यादीतली किती तरी नावं आपण तण म्हणून फवारून टाकली. सरकारी नकाशांत मुरमाड माळाला पडीक म्हणतात. ज्या जमिनीवर कुसळी, तरवड, उटकटारा, रुई आणि त्यांवर जगणारे पक्षी-किडे आहेत, तिला पडीक म्हणणं मला पटत नाही.

सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकांत दर पावसाळ्यात झाडांची रोपं तयार होतात. त्यांच्यासोबत धुऱ्यावरच्या लहान झुडपांचं आणि गवतांचं बीही पुड्यांत मिळायला हवं. कळमनुरी तालुक्यातल्या तोंडापूरच्या कृषी विज्ञान केंद्राने एक धुरा नमुन्यादाखल असा राखला, तर शेतकऱ्यांना माशा किती येतात आणि तण वावरात किती शिरतं, हे दोन्ही डोळ्यांनी पाहता येईल. माझा आग्रह ऐकून कुणी विश्वास ठेवावा असं मी म्हणत नाही, त्यांनी मोजून पाहावं.

येत्या २६ जानेवारीला ग्रामसभा आहे. साखऱ्यात आणि आसपासच्या गावांत जे जातील त्यांनी दोन मागण्या मांडाव्यात. गायरान, पांदण आणि शाळेच्या कुंपणालगत तणनाशक मारायचं नाही, गाजरगवत फुलायच्या आधी हाताने काढायचं, असा ठराव व्हावा. आणि शाळेच्या कुंपणाच्या आतल्या बाजूने, मुलांच्या येण्या-जाण्याच्या वाटेपासून किमान चार हात लांब, मुरमाचा एक पट्टा करून द्यावा. मुरमाची एक ट्रॉली पुरेल. बी मी देईन, पुड्या बांधायला घेतल्या आहेत.